खांबाला वाढलेलं ताट

काबांगान बेटावर कुणाचं वजन किती, हे देवाला ठाऊक आहे आणि सिद्राला. देव सांगत नाही. सिद्राला राग आला की ती सांगते, तेही भर रस्त्यात.

एकवीस वर्षं झाली, ती बेटावरची आरोग्यसेविका आहे. फणसाच्या झाडाला टांगलेला काटा, रक्तदाब मोजायचं एक यंत्र आणि खांद्याला लावायची लसीची निळी पेटी, एवढा तिचा संसार. पगार म्हणावा असं काही नाही. वर्षाकाठी तांदळाची एक गोणी आणि निवडणुकीच्या तोंडावर टी-शर्ट. तिच्या अंगावर कायम असतो त्या टी-शर्टावरचे हसतमुख गृहस्थ लागोपाठ तीन निवडणुकांत पडले. सिद्रा म्हणते, "पडेनात का. कापड चांगलंय."

कोरोनाचं दुसरं वर्ष होतं. दर मंगळवारी सिद्रा पेटी घेऊन होडीने पलीकडच्या गावी जायची, दवाखान्यातल्या नर्स मेंचूसमोर उभी राहायची, मेंचू म्हणायची, "पुढच्या आठवड्यात बघ गं," आणि सिद्रा पेटीत नुसत्या बर्फाच्या थैल्या घेऊन परतायची. असे अकरा मंगळवार झाले. लस नाही तर नाही, बर्फ तरी आला, म्हणून पोरंटोरं धक्क्यावर पेले घेऊन उभी राहायला लागली. तिचं नावच बर्फवाली पडलं. सिद्रा वरवर हसायची. पण तिच्याकडे एक यादी होती आणि त्या यादीने तिची झोप उडाली होती.

यादीत साठीच्या वरची बेचाळीस माणसं होती. पहिलं नाव लोलो आंबोचं; लोलो म्हणजे आजोबा, लोला म्हणजे आजी. जूनमध्ये तो दवाखान्यात नेताना होडीतच गेला, अर्ध्या वाटेवर. सिद्राने त्याचं नाव खोडलं नाही. बाजूला एक बारीक फुली केली आणि त्या दिवशी ती जेवली नाही. उरली एक्केचाळीस. त्यात सगळ्यांत शेवटचं नाव तिच्या स्वतःच्या आईचं, लोला ओरायचं. वय चौऱ्याऐंशी, छाती भात्यासारखी वाजणारी. खरं तर तिचा नंबर वर हवा होता. पण वाढणारीने आपल्या घरचं पान आधी मांडलं तर बेट नाव ठेवतं, म्हणून सिद्राने आईला तळाला टाकलं होतं, आणि रोज पहाटे तो खोकला ऐकून स्वतःला शिव्या घालत होती.

ओरायला मात्र मरणाची चिंता नव्हती, बिंगोची होती. कापितानने, म्हणजे आमच्या सरपंचाने, साठीच्या वरच्यांना घराबाहेर पडायला बंदी केली होती. टोचून घ्या, मग बिंगो खेळा, असा हुकूम. ओरायने एकदा मास्क लावून, वर टोपी चढवून, नातीचं दप्तर पाठीला अडकवून धक्का गाठला होता. चाल म्हातारीची असली तरी तेवढं चाललं असतं, पण शाळा दीड वर्ष बंद आहेत हे तिच्या लक्षातच आलं नाही.

अशात सेबू शहरातून एक बाई आली. नाव इलाना, वय तिशीचं, केस मुलग्यासारखे कापलेले. सोबत आवाज धरणारा एक रोडेल. ती म्हणाली, मी सिनेमा करते, पण भिंतीवरचा नाही. डोळ्यांवर डबा बांधायचा, की माणूस जिथे बसलाय तिथून उठून थेट तुमच्या बेटावर. मान वळवावी तिकडे बेट. वर फणस, मागे समुद्र.

"आणि बघणार कोण?" सिद्राने विचारलं.

"लांब एका थंड देशात मोठी सभा आहे, मानांग," इलाना म्हणाली. मानांग म्हणजे ताई. "कुठल्या देशाला लस कधी आणि किती, ते तिथे ठरतं. ती माणसं वर्षभर आकडे ऐकतायत. आकड्यांना कुणी भीत नाही. मला त्यांना इथे आणून उभं करायचंय, तुमच्या रिकाम्या पेटीसमोर."

सिद्राने डबा डोळ्यांवर चढवून पाहिला. आत सेबूचा रस्ता होता. समोरून माणसांनी भरलेली जीपनी गाडी आली, सिद्रा "आई गं" म्हणत बाजूला उडाली ती थेट ओरायच्या कोंबड्यांवर. दोन अंडी फुटली. पण सिद्राला पटलं. जे तिला घाबरवू शकतं, ते त्या साहेबांना नक्की घाबरवेल.

कॅमेरा म्हणजे माणसाच्या उंचीचा एक बारीक खांब, वर नारळाएवढं डोकं आणि डोक्याला चहूकडे डोळे. चहूकडे दिसतं म्हटल्यावर करणाऱ्यांनी लपायचं कुठे, हा प्रश्न आला. इलाना पालथ्या होडीखाली शिरली. रोडेलला जागा मिळाली ती डुकरांच्या खुराड्यात. लपण्याआधी इलानाने सगळ्यांना दोन गोष्टी बजावल्या. एक, आम्हाला शोधायचं नाही. दोन, खांबाला खांब समजू नका, एक माणूस तिथे उभा आहे असं समजा, आणि आपापलं काम करत राहा.

ही दुसरी गोष्ट तिने सांगायला नको होती.

दुपारची वेळ. ओराय आणि तिची शेजारीण पासिंग अंगणात जेवायला बसल्या होत्या. मक्याच्या कण्यांचा भात, भाजलेला मासा, उकडलेली केळी आणि गिनामोस, तो खारवलेल्या मासळीचा वास मारणारा गोळा, ज्याच्याशिवाय आमच्या घशाखाली घास उतरत नाही. ओरायने पहिला घास उचलला, समोर खांब पाहिला आणि म्हणाली, "या, जेवायला."

आमच्याकडे ही रीतच आहे. खाताना समोरून शत्रू गेला तरी त्याला "या, जेवायला" म्हणायचं. आणि त्याने, दोन दिवसांचा उपाशी असला तरी, "झालंय माझं" म्हणून पुढे जायचं. विचारणाऱ्याची अब्रू राहते, जाणाऱ्याचीही राहते, मासाही राहतो. पण एखादा काहीच बोलला नाही तर? तर तो बिचारा लाजतोय, भुकेने त्याची वाचा बसलीय, असं समजायचं आणि निमूट वाढायचं.

खांब काही बोलला नाही.

"अहो, या ना," ओराय म्हणाली.

खांब गप्प.

"पासिंग, ताट आण गं. लाजतंय बिचारं."

ताट आलं. भात आला, केळं आलं, आणि ओरायने मासा मोडून डोकं त्या ताटात ठेवलं. डोकं पाहुण्याचं असतं. ताट खांबाच्या पायाशी ठेवून ती समाधानाने परत बसली.

"कट!" होडी ओरडली. होडी उलटून इलाना बाहेर आली, केसांत वाळू. "लोला, त्याला जेवण नको आहे. तो कॅमेरा आहे!"

"तूच म्हणालीस ना, माणूस समज?"

"माणूस समजा, पण लक्ष देऊ नका!"

ओराय तिच्याकडे बघतच राहिली. "दारात माणूस उभा, मी समोर बसून जेवायचं आणि लक्ष द्यायचं नाही? पोरी, तुला आईने हेच शिकवलं?"

इलानाने केसांतली वाळू झटकली. ती परत होडीखाली गेली.

दुसऱ्या वेळी ओरायने दाबून धरलं. चार घास खाल्ले, खांबाकडे पाहिलं नाही. पाचवा घास घशातच अडकला. "मला नाही जमत बाई," म्हणून तिने ताट हातातून ठेवलं. "घास उतरत नाही. कुणी बघत असलं की उतरत नाही."

तिसऱ्या वेळी गल्लीने घात केला. जो तो खात होता तो म्हणत होता, "या, जेवायला." नारळ सोलणारा म्हणाला, जाळं विणणारी म्हणाली, तोंडात बिस्किट असलेलं शेंबडं पोरही म्हणालं. आणि खांब लाजतो ही बातमी एव्हाना बेटभर झाल्यामुळे जो तो वाढूनही जात होता. दोन वाजेपर्यंत खांबापुढे नऊ ताटं झाली. एका कुत्र्याने त्यातल्या पहिल्या ताटातलं माशाचं डोकं पळवलं.

ओराय खांबावरच उखडली. "नुसता बघत राहिलास? अगदी आमच्या पोलिकार्पोवर गेलायस! तोही असाच. उंच, हडकुळा, तोंडातून शब्द नाही. सगळं दिसायचं मेल्याला, पण कुत्रं हाकलायला हात उठायचा नाही!" पोलिकार्पो म्हणजे तिचा नवरा, सिद्राचा बाप, गेल्याला बारा वर्षं झाली. त्या दिवसापासून खांबाचं नाव पोलिकार्पो.

इलानाने हात टेकले. रोडेल तर केव्हापासून म्हणत होता की आवाज छान येतोय, फक्त डुक्कर जरा घोरतंय.

सव्वादोनच्या सुमाराला सिद्राची होडी लागली. तो बारावा मंगळवार. खांब आहे हे ती विसरूनच गेली होती. उन्हात चालत आली, अंगणात पेटी ठेवली, झाकण उघडलं. ओराय वाकून आत डोकावली. पासिंग डोकावली. आत चार बर्फाच्या थैल्या, त्यातल्या दोन वितळलेल्या.

"नाहीच का?" ओरायने विचारलं.

"नाही, नानाय." आईला एवढंच सांगून सिद्रा खाली बसली. तिला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं, म्हणून ती पेटी पुसत बसली, कोरडीच पेटी.

ओराय खोकली. बराच वेळ खोकली. मग तिने आपल्या ताटातला उरलेला मासा लेकीच्या पुढे सरकवला. "या, जेवायला," ती म्हणाली.

"झालंय माझं," सिद्रा म्हणाली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

होडीखालून "कट" आलं नाही.

तीन आठवड्यांनी इलानाचा फोन आला. सिद्राने तो मोठ्या आवाजावर लावला, म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू यावा असा.

इलाना सांगत होती की सभेत गोल फिरणाऱ्या खुर्च्यांवर सगळ्या देशांचे साहेब बसले, डोळ्यांवर डबे चढवले. पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा हसले. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा काही जण खुर्चीत चुळबुळले. मग ताटं यायला लागली. एका बाईंनी ताटावर पाय पडू नये म्हणून पाय वर उचलून घेतले, ते शेवटपर्यंत खाली टेकवले नाहीत. आणि एका श्रीमंत देशाचे भलेमोठे साहेब, त्यांना सातव्यांदा आग्रह झाला तेव्हा राहवलं नाही. हात जोडल्यासारखे करून मोठ्यांदा म्हणाले, नको, खरंच नको, पोट भरलंय माझं.

"भर सभेत?" पासिंगने विचारलं.

"भर सभेत, आणि समोर माईक सुरू. काचेच्या खोल्यांत भाषांतर करणारे बसलेले असतात ना, त्यांनी आपलं काम केलं. पोट भरलंय माझं, पाच भाषांत. आणि लगेच, मानांग, तुम्ही आलात आणि पेटी उघडलीत."

"मग?"

"मग सभेत तुमच्या नानायचा खोकला तेवढा ऐकू येत होता."

ओरायने विचारलं, "त्या साहेबाचं टोचून झालंय?"

"दोन झालीत, लोला. त्यांच्या देशात तिसऱ्याची तयारी चाललीय."

"बघा!" ओरायने मांडीवर थाप मारली. "जन्मात पहिल्यांदा ऐकतेय. 'झालंय माझं' म्हणणारा आणि खरंच झालेला माणूस!"

गल्ली हसली. सिद्राही हसली, पण तिला आतून संताप आला होता. आमच्याकडे ते वाक्य उपाशी माणूस बोलतो. भरल्या पोटी ते बोलायला आम्हाला कधी मिळालंच नाही.

पुढच्या महिन्यात लस आली. त्या सिनेमाने आली की आपोआप आली, यावर बेटावर अजून भांडणं होतात. कापितान म्हणतो त्याच्या अर्जाने आली. पाद्रीबुवा म्हणतात नऊ दिवसांच्या प्रार्थनेने आली. ओराय म्हणते, माशाच्या डोक्याने आली. आली खरी, पण चार दिवसांत तारीख संपणारी. कुणाच्या तरी फ्रीजमध्ये पडून पडून शेवटी आमच्या वाट्याला आलेली. नर्स मेंचू ती घेऊन स्वतः होडीत बसली.

शाळेच्या व्हरांड्यात बाकं मांडली. सिद्राने पेटी उघडली आणि मोजलं. चार कुप्या. एका कुपीत दहा. चाळीस. तिने पुन्हा मोजलं, जणू मोजल्याने वाढणार होतं. उरलेल्यांतलं एक्केचाळीसावं नाव आईचं होतं, तिच्याच हाताने तळाला लिहिलेलं.

ती नावं पुकारायला लागली. तीन कुप्या संपल्या, तीस माणसं टोचून झाली. चौथी उघडली आणि बाकावर उरलेल्या म्हाताऱ्यांपैकी पासिंगचं तोंड एकदम उतरलं. बिंगोत चाळीस वर्षं गेलेली बाई, आकडा तिच्या नजरेतून सुटत नाही. बाकावर अकरा डोकी, कुपीत दहा.

"मला नको," पासिंग उठली. "झालंय माझं. ओरायला द्या."

"तुझं कधी झालं गं?" ओराय म्हणाली. "बस खाली. माझं झालंय."

"तुझी छाती बघ आधी!"

"माझी छाती तुझ्या आधीपासून वाजतेय, तिला सवय आहे."

हे ऐकून शेजारचा म्हातारा उठला. त्याचंही झालंय म्हणाला. मग त्याच्या पलीकडचा. बघता बघता अकराच्या अकरा उभे, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला बाकावर दाबतोय. जो तो तृप्त! मेंचू रडकुंडीला आली. "अहो, कुपी उघडलीय! सहा तासांत फेकून द्यावी लागेल! आणि तासाभरात ओहोटी, माझी होडी निघाली पाहिजे!"

"घ्या ना, तुम्ही घ्या," अकरा जणांनी एकमेकांना सांगितलं.

सिद्रा बाकावर चढली. टी-शर्टावरचे पडेल गृहस्थ सगळ्यांच्या डोक्यावरून हसू लागले. तिने खिशातून आपली वही काढली, थुंकी लावून पान उलटलं.

"एक मिनिट देते," ती ओरडली. "जो बसून बाही वर करणार नाही, त्याचं वजन मी मोठ्यांदा वाचणार. पहिलं पान पासिंगचं!"

पासिंग बसली. बाहीसुद्धा वर झाली. तिच्या मागोमाग नऊ जण असे बसले की बाक करकरलं. मेंचूने भराभरा दहा दंड टोचले.

उरली ओराय. ती खांबाला टेकून उभी होती, शाळेच्या खऱ्या खांबाला.

"बाई, निघा तुम्ही. ओहोटी लागेल," ती मेंचूला म्हणाली. "माझं झालंय."

सिद्रा बाकावरून उतरली. "खोटारडी," ती म्हणाली. "आयुष्यभर हेच म्हणालीस. आम्हा पाच जणांना वाढायचीस आणि म्हणायचीस, झालंय माझं. मी मोठी होईपर्यंत खरं समजत होते, नानाय."

ओराय पहिल्यांदाच काही बोलली नाही. आणि आमच्याकडे जो काही बोलत नाही, त्याला वाढायचं असतं. सिद्रा मेंचूकडे वळली. "तळ बघ."

मेंचूने चौथी कुपी उजेडात धरली, तिरकी केली. कंपनी भरताना थेंबभर जास्तच भरते, हात चांगला असेल तर कधी कधी अकरावा निघतो. बाजूच्या तीन कुप्यांत काही राहिलं नव्हतं. हिच्या काठाशी चमक होती. मेंचूने सुई घातली, श्वास धरला आणि इतकं हळू ओढलं की व्हरांड्यातल्या एक्केचाळीस जणांनीही श्वास धरला.

"अर्धा मिली," मेंचू म्हणाली. "रेघेवर रेघ. पूर्ण डोस."

"म्हणजे खरवड," ओराय म्हणाली. "माझ्या नशिबी कायम खरवडच." पण बाही तिने केव्हाच वर केली होती. सुई टोचली तेव्हा तिने एक सणसणीत शिवी हासडली आणि पाद्रीबुवांनी ती ऐकली नाही असं दाखवलं. सिद्रा पेटीच्या झाकणामागे तोंड लपवून रडली. सगळ्यांनी पाहिलं.

"त्या साहेबाला निरोप दे," ओराय दंड चोळत लेकीला म्हणाली. "पोट भरलंय हे तिसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आधी सांगायचं असतं. नंतर नाही."

दुसऱ्या दिवशी बिंगो सुरू झाला. ओराय हरली आणि पासिंगवर फसवणुकीचा आरोप करून घरी आली. दुपारी सिद्रा येऊन बघते तो आईने अंगणात तीन ताटं मांडलेली. एक तिचं, एक सिद्राचं आणि तिसरं, जिथे तो खांब उभा होता तिथे, मोकळ्या जागेपुढे.

"आता हे कशाला, नानाय? पोलिकार्पो गेला ना सेबूला."

"दुसरा डोस यायचाय ना अजून? त्या साहेबांना विसरू द्यायचं नाही."

सिद्राने ताटात वाकून पाहिलं. भात होता, केळं होतं. माशाची नुसती शेपटी होती.

"आणि डोकं?"

"डोकं," ओराय घास उचलत म्हणाली, "दुसरा डोस आल्यावर."